दुसरीला कोणी घडवलं?



तुझ्या कादंबरीची पानं वाचली. त्याआधी तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. पोरगी रात्र-रात्र जागून मुडदे पाडत बसते, बारावीचं वर्ष आहे, दादा तू तरी सांग तिला काही. सांगतो म्हणालो. काय सांगणार ते मात्र तिला सांगितलं नाही. तुझ्या वयाची असताना ती नारायण धारपांची पुस्तकं गोधडीत घेऊन वाचायची आणि मग रात्री परसात जायला मला उठवायची. ती विसरली असेल तर तू आठवण करून दे.

आता पानांविषयी. पहिलं प्रकरण जमलंय. अवनी सकाळी उठते आणि तिच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असतात. ती स्वतः कधीच तशा ठेवत नाही. तिथे मी थबकलो. रक्त नाही, किंकाळी नाही, नुसत्या चपला. पुढे मात्र आरशातलं हसू, आपोआप जाणारे दिवे, डायरीतलं परकं अक्षर हा सगळा माल तू वेबसीरिजच्या दुकानातून उधारीवर उचललायस. आणि शेवटी एक डॉक्टर येतात, अवनीला 'स्प्लिट पर्सनॅलिटी' आहे असं सांगतात, रूममेटचा जीव तिनेच घेतला हे उघड होतं आणि पडदा पडतो.

मुक्ता, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. ही रिया, ही दुसरी, अवनीच्या आत आली कुठून? कोणी घडवली तिला? आणि ती आल्यामुळे कुणाचं फावलं? या जातीच्या ज्या कादंबऱ्या टिकल्यात, त्या सगळ्या या प्रश्नापाशी घोटाळत राहतात. ज्या 'खुनी तोच होता' एवढ्यावर भागवतात, त्या दुसऱ्यांदा कोणी हातात घेत नाही. इतकी वर्षं वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेली, त्यामुळे कुठली पुस्तकं परत मागितली जातात ते मला माहीत आहे.

स्टीव्हन्सनचं 'डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड' तू वाचलं नसशील, पण तुला ते माहीत असेल. बहुतेकांचं असंच असतं. जानेवारी 1886 मध्ये ते लंडनला निघालं तेव्हा जेकिल आणि हाइड हा एकच माणूस आहे हे वाचकाला शेवटाकडे कळायचं. आज पुस्तक उघडण्याआधीच ते सगळ्यांना ठाऊक असतं. गुपित फुटून शंभरावर वर्षं झाली तरी पुस्तक अंगावर येतं, याचा अर्थ भीती गुपितात नव्हतीच. तू सगळी भिस्त शेवटच्या पानावर ठेवलीयस म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग भीती कशात आहे? आधी जेकिलचं घर बघ. पुढचं दार एका चौकात उघडतं. आत ऊबदार दिवाणखाना, पेटती शेकोटी, ओकची किमती कपाटं, अदबीने वागणारा जुना नोकर. मागची बाजू निघते एका गल्लीत. तिथे खिडकी नाही, दाराला घंटा नाही, रंगाला फोड आलेले, उंबऱ्यावर भटके लोक टेकलेले. ही दोन दारं एकाच घराची आहेत हे पहिल्या काही पानांत कळत नाही. स्टीव्हन्सन माणसाविषयी एक अक्षर न बोलता घराचा नकाशा दाखवतो. तुझ्या कथेतलं हॉस्टेल असंच हवं. तुझ्या हॉस्टेलला तू फक्त एक लांब कॉरिडॉर दिलायस, आणि लांब कॉरिडॉर काय, सगळ्याच हॉस्टेलांना असतो.

आता त्याहून महत्त्वाचं. लोक म्हणतात, जेकिल चांगला आणि हाइड वाईट, एका माणसाचे दोन तुकडे झाले. पुस्तक तसं म्हणत नाही. हाइड निखळ वाईट आहे, पण औषध घेतल्यावर उरणारा जेकिल काही निखळ चांगला होत नाही. तो होता तसाच राहतो, सरमिसळीचा, नावाला जपणारा, पन्नाशीचा प्रतिष्ठित डॉक्टर. मग हाइड कशासाठी? जे करायची हौस आहे पण करताना दिसायचं नाही, ते करण्यासाठी. म्हणून जेकिल आधी चोख व्यवस्था लावतो. सोहोमध्ये हाइडच्या नावाने घर घेऊन सजवतो, तिथे एक तोंड बंद ठेवणारी बाई नेमतो. स्वतःच्या नोकरांना सांगून ठेवतो की हाइडसाहेब आले तर अडवायचं नाही. बँकेत हाइडचं खातं उघडतो, त्याला वेगळी सही देतो. एवढंच नाही, मृत्युपत्रात सगळी मालमत्ता हाइडच्या नावे करतो, म्हणजे उद्या आपण परत जेकिल झालो नाही तरी पैसा हातचा जायला नको. हे सगळं तो पूर्ण शुद्धीवर, वकिलाकडे कागद ठेवून करतो. हाइड हा जेकिलचा रोग नाही, ती त्याची सोय आहे. आणि सोय म्हणूनच ती वाढत जाते.

तू अवनीला झोपेत चालवलंस. त्यामुळे ती निर्दोष राहिली, आणि म्हणूनच तिची भीती वाटत नाही, दया येते. जेकिलची भीती वाटते, कारण तो हिशेबी आहे.

मग एका सकाळी हा हिशेब चुकतो. आदल्या रात्री तो जेकिल म्हणून झोपलाय, औषध घेतलेलं नाही. जाग येते, अंथरुणात लोळताना सहज नजर पांघरुणावरच्या हातावर जाते. जेकिलचा हात मोठा, गोरा, डॉक्टरी पेशाला शोभणारा. हा हात किडकिडीत, शिरा तट्ट उभ्या, गाठीगाठींचा, काळपट आणि केसाळ. लंडनच्या पिवळट उजेडात तो माणूस त्या हाताकडे बघत राहतो. बस, एवढंच. हा प्रसंग तू तीनदा वाच आणि मग तुझ्या चपलांपाशी परत ये. तुझ्या हाताशी तेवढ्याच ताकदीची गोष्ट आहे. ती तू एका ओळीत उडवून टाकलीस आणि मग आरशावर चार पानं खर्च केलीस.

शेवटच्या प्रकरणात जेकिल स्वतः लिहितो. लिहिता लिहिता तो कधी हाइडला 'मी' म्हणतो, कधी 'तो', आणि एका टप्प्यावर जेकिललाही 'तो' म्हणू लागतो. मग हे लिहितंय कोण? डॉक्टरांच्या निदानाऐवजी तुला असं काही करता येईल. सोपं नाही, पण करून बघ.

स्टीव्हन्सनला हे सुचलं ते झोपेत, ही गोष्ट तुला आवडेल. 1885 मध्ये तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला आजारी पडून होता. रात्री झोपेत ओरडायला लागला म्हणून बायकोने, फॅनीने, त्याला हलवून जागं केलं, तर साहेब तिच्यावरच चिडले: इतकं छान भुताचं स्वप्न चाललं होतं, मोडलंस! स्वप्नात त्याला मिळाले होते मोजके प्रसंग. एक खिडकीतला, आणि दुसरा पाठलाग होत असताना हाइड पूड घेऊन रूप बदलतो तो. बाकी सगळं जागेपणीचं काम. पहिला खर्डा फॅनीला पसंत पडला नाही, नुसती भयकथा झाली असं तिचं म्हणणं पडलं. त्याने तो जाळून टाकला आणि नव्याने लिहिला, असं त्याच्या सावत्र मुलाने नोंदवून ठेवलंय. तू काही जाळू नकोस. तुझं सगळं फोनमध्ये असतं, ते जळतही नाही.

पण स्वप्नाच्याही मागे एक कपाट आहे. स्टीव्हन्सन एडिंबराचा. अठराव्या शतकात त्या गावात विल्यम ब्रॉडी नावाचा नामांकित सुतार होता, सुतारांच्या संघाचा प्रमुख, नगरपालिकेचा सभासद. दिवसा तो श्रीमंतांच्या घरी कपाटं आणि कुलपं बसवायचा, त्यांच्या किल्ल्यांचे ठसे घ्यायचा आणि रात्री तीच घरं फोडायचा. 1788 मध्ये अबकारी कचेरीवरचा दरोडा फसला, तो अ‍ॅमस्टरडॅमला पळाला, पकडला गेला आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला फासावर चढला. या ब्रॉडीने बनवलेलं एक कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या खोलीत होतं. आजारी पोर, रात्रीची वेळ आणि समोर चोराच्या हातचं, उत्तम बांधणीचं लाकडी कपाट. आज ते एडिंबराच्या लेखक संग्रहालयात ठेवलंय. पुढे त्याने मित्राच्या जोडीने ब्रॉडीवर एक नाटकही लिहिलं. ते विशेष चाललं नाही.

एडिंबराच्या दक्षिणेला डोंगराळ मुलखात राहणाऱ्या जेम्स हॉगने स्टीव्हन्सनच्या आधीच, 1824 साली, अशीच एक विलक्षण कादंबरी लिहिली होती. आधी मेंढपाळ असलेल्या या माणसाने ती निनावी छापली. तिचा नायक रॉबर्ट साधारण तुझ्याच वयाचा, सतरा-अठराचा. त्याला वाढवणारा धर्मोपदेशक त्याला एके दिवशी सांगतो की देवाने तुला निवडलेलं आहे, तुझा उद्धार पक्का, आता कुठलंही पाप तो रद्द करू शकत नाही. त्याच दिवशी रॉबर्टला रस्त्यात एक अनोळखी तरुण भेटतो, हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा. तो सैतान आहे, की रॉबर्टच्याच डोक्यातला कोणी, याचा निकाल हॉग अखेरपर्यंत देत नाही. पण घडवणारा कोण हे मात्र लख्ख दिसतं. ज्या पोराला 'तू चुकूच शकत नाहीस' असं सांगितलं, त्याच्या वाटेवर दुसऱ्याने उभं राहावं यात नवल नाही. पुस्तक जड आहे, भाषा जुनी आहे. आत्ता वाचलं नाहीस तरी चालेल.

आत्ता वाचायचं ते रॉबर्ट कॉर्मिअर. आपल्या धारपांचा आणि त्याचा जन्म एकाच वर्षी, 1925 चा. मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर या गावात जन्मला, तिथेच राहिला, शेजारच्या फिचबर्गच्या वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं नोकरी केली. 1977 च्या 'आय अ‍ॅम द चीज' या त्याच्या कादंबरीत भूत नाही, सुरा नाही. अ‍ॅडम फार्मर नावाचा मुलगा जुन्या सायकलवरून वडिलांना भेटायला निघालाय, थंडीत, एक पुडकं घेऊन. एक प्रकरण सायकलचं, मग एक प्रकरण ध्वनिफितीवरच्या संभाषणाचं. त्यात एक माणूस त्याच मुलाला प्रश्न विचारतोय, शांतपणे, परत परत. तो डॉक्टर आहे का? मुलाला नक्की सांगता येत नाही. तुलाही येणार नाही.

या मुलाला वडिलांच्या कागदपत्रांत एक दिवस दोन जन्मदाखले सापडतात. नाव एकच, जन्मतारखा दोन. एक फेब्रुवारीतली, एक जुलैतली. वडील काहीतरी सांगून वेळ मारून नेतात, पण तिथून त्याच्या पायाखालची जमीन सरकायला लागते. त्याला दुसरं नाव होतं, दुसरं गाव होतं. ते त्याच्या मनाने पुसलेलं नाही, मोठ्यांनी पुसलंय. सरकारी कचेरीत बसलेल्या, त्याच्या जिवाची काळजी करणाऱ्या मोठ्यांनी. कॉर्मिअरची भीती इथे आहे: तू कोण हे ठरवणारा कागद दुसऱ्याच्या कपाटात असतो. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की तो वाचून झाल्यावर तू पहिलं पान परत काढशील.

यातली एक गंमत अशी की अ‍ॅडमच्या मैत्रिणीचा, एमीचा, म्हणून कॉर्मिअरने पुस्तकात स्वतःच्या घरचा फोन नंबर घातला होता. पुढे अनेक वर्षं मुलामुलींचे फोन यायचे, एमी आहे का म्हणून. तो त्यांच्याशी बोलायचा. इतकं काळोखं लिहिणारा माणूस इतका सौजन्याचा असू शकतो, हे तुझ्या आईला जरूर सांग. आणि हेही सांग की 1986 च्या सुमारास फ्लोरिडातल्या बे काउंटीत एका पालकाच्या तक्रारीवरून हे पुस्तक शाळेतल्या वर्गांमधून काढून टाकलं होतं, आणि त्यावरून शिक्षक, मुलं आणि पालक कोर्टात गेले. तुमच्या घरातलं भांडण नवं नाही. तुझी आई तुझे कागद फाडत नाही, मला फोन करते, हे त्या मानाने बरंच बरं.

आता तुझ्या डॉक्टरांकडे वळतो, कारण त्यांच्यावर माझा राग आहे. तू ज्याला 'स्प्लिट पर्सनॅलिटी' म्हणतेस आणि पुढच्याच पानावर स्किझोफ्रेनिया म्हणतेस, ते दोन निरनिराळे आजार आहेत. स्किझोफ्रेनियात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेला कट दिसतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (2004) बघ, अतुल कुलकर्णींनी त्यात ते माणूसपण न सोडता उभं केलंय. तुझ्या मनात आहे त्याला आज डॉक्टर डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1994 साली हे नाव आलं. त्याआधी 'अनेक व्यक्तिमत्त्वां'चा विकार म्हणायचे. अशा रुग्णांपैकी बहुतेकांच्या लहानपणात छळ किंवा अत्याचार आढळतो, आणि या माणसांनी दुसऱ्याचा गळा धरण्यापेक्षा स्वतःलाच इजा करून घेण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. सिनेमांनी त्यांना सरसकट खुनी करून ठेवलंय. त्यात तुझी भर नको.

डॉक्टरही दुसरीला घडवू शकतात, हे 'सिबिल'च्या प्रकरणात दिसलं. 1973 साली निघालेल्या त्या पुस्तकात एका बाईच्या आत सोळा जणी असल्याची हकिगत सत्यकथा म्हणून सांगितली होती. पुस्तक तुफान खपलं, त्यावर टीव्हीपट निघाला, आणि अमेरिकेत असे रुग्ण एकाएकी भराभर सापडू लागले. पुढे बाहेर आलं की त्या रुग्ण बाईंनी 1958 मध्येच आपल्या डॉक्टरीणबाईंना लिहून कळवलं होतं की हे सगळं मी रचलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी ते मानलं नाही. उपचारांना केलेला विरोध म्हणून बाजूला सारलं. कोण कुणाला घडवत होतं यावर अजून वाद आहेत. तुला कादंबरीच हवी असेल तर खरी कादंबरी त्या दोघींच्या खोलीत आहे.

एक मधेच विचारतो. अवनीला आदल्या संध्याकाळचं काही आठवत नाही, ते वर्णन फार नेमकं उतरलंय. ते तू कल्पनेने लिहिलं असशील तर शाबास. पण तुझ्या एखाद्या मैत्रिणीला खरोखर असं होत असेल, किंवा तुला, तर कथा राहू दे बाजूला, मला फोन कर. वेळ बघू नकोस.

आणि तुझी कथा पुण्यातच कशाला घडायला हवी? आपल्या गावी नवरात्रात तू दोनदा येऊन गेलीस. पलीकडच्या आळीतल्या काकूंच्या अंगात येतं ते तू पाहिलंयस. एरवी ती बाई सासऱ्यांसमोर पदर सावरून भिंतीला चिकटून उभी असते, आवाज ऐकू येत नाही. अंगात आलं की केस मोकळे, आवाज चढलेला, आणि त्याच सासऱ्यांना अरे-तुरे करून विचारते, माझी साडी-चोळी का चुकवलीस? आणि म्हातारा हात जोडून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नाही, निदान ती तसं म्हणते, आणि कोणी खोदून विचारत नाही. 2013 पासून त्या निदान-पुस्तिकेतही लिहिलंय की काही समाजांत हाच विकार अंगात येण्याच्या रूपाने दिसतो. पण प्रत्येक अंगात येणं म्हणजे आजार, असं ती पुस्तिका म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. काकूंना औषधाची गरज आहे की उरलेले दिवस आपल्याच आवाजात बोलू देण्याची, हे मला सांगता यायचं नाही. त्या दुसऱ्या बाईला कोणी घडवलं ते मात्र सगळ्या आळीला माहीत आहे, आणि कोणी बोलत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर 2013 मध्येच झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्याने तो गुन्हा आहे. गप्प बसण्याला कुठलं कलम लागत नाही.

तू काकूंवर लिही असं म्हणत नाही. त्या बिचाऱ्यांना लिखाणात ओढूही नकोस. पण अवनी ज्या घरातून हॉस्टेलला आली ते घर मला दिसलं पाहिजे. चौथ्या प्रकरणात तिच्या वडिलांचा फोन येतो. ते विचारतात, टेस्टमध्ये किती पडले, आणि ती आकडा सांगते, आणि ते म्हणतात, माझी मुलगी एवढ्यावर थांबणारी नाही. मग फोन ठेवतात. त्यानंतर हा माणूस तुझ्या कादंबरीतून गायब आहे. माझ्या मते ज्या मुलीविषयी ते बोलतात ती अवनी नाहीच. ती कोण आहे, ती कधीपासून त्या घरात राहते, जेवायच्या ताटावर तिच्याविषयी काय काय बोललं जातं, आणि अवनीला तिची पहिली ओळख कितव्या वर्षी झाली, हे लिही. रूममेटला मारायचं की नाही ते मग बघू. मला तर वाटतं तिला जगू द्यावं, कारण रिया चपला बदलून रात्री कुठे जाते हे पाहणारं कोणीतरी लागेल.

कॉर्मिअर इथे मिळाला नाही, पण मुंबईच्या एका विक्रेत्याला सांगून ठेवलंय, आला की पाठवतो. स्टीव्हन्सन माझ्याकडे आहे, तो दिवाळीत घेऊन जा. पुढची पानं कागदावर छापून पाठव. फोनवरची अक्षरं मला वाचवत नाहीत, आणि समासात लिहायला जागा लागते. परीक्षेचं तुझं तू बघ, आणि मी त्याबद्दल तुला काही बोललो नाही, हे तुझ्या आईला सांगू नकोस.

तुझा,
मामा